अडकलेल्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार

माणसाला आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून हव्या असतात. एक म्हणजे वर जाणं, आणि दुसरी म्हणजे कुणीतरी आपलं ऐकून घेणं. यातल्या पहिल्या गोष्टीची जबाबदारी आमच्या कंपनीने फार पूर्वीच उचललेली आहे. आम्ही इमारतींना लिफ्ट बसवून देतो आणि बसवलेल्या लिफ्टची देखभाल करतो. (यातलं 'देख' आम्ही कधीच चुकवलं नाही. 'भाल'बद्दल मतभेद आहेत.) दुसऱ्या गोष्टीकडे मात्र कंपनीचं दुर्लक्ष झालं होतं, हे प्रांजळपणे मान्य केलं पाहिजे.

तक्रार कक्षात फोनवर बसणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला सगळे खेकसराव म्हणत. हे नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, ग्राहकांनी ठेवलेलं होतं. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो, त्यामुळे नाव किती समर्पक होतं याची ग्वाही देऊ शकतो. "लिफ्ट बंद आहे? मग जिना कुठे पळून गेला का?" अशी त्याची सुरुवात असे. "दार लागत नाही? तुम्ही दारात उभे राहून गप्पा मारता, ते लागणार कसं?" हा मध्य. शेवट म्हणजे फोन आपटल्याचा आवाज. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. फोन आपटला की तो दुसऱ्याच क्षणी मेकॅनिकला पिटाळायचा, आणि लिफ्ट लगेच चालू व्हायची. ग्राहक वर जात, फक्त मनाने खाली आलेले असत.

मग आमच्या मोठ्या साहेबांनी ग्राहकांचं सर्वेक्षण केलं. 'लिफ्ट दुरुस्त झाली का?' या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं. 'तुमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं का?' या प्रश्नाला लोकांनी जी उत्तरं दिली, ती साहेबांनी दार लावून घेऊन वाचली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. "आपण लिफ्टकडे बघतोय," ते म्हणाले, "माणसाकडे कुणीच बघत नाहीये." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

अशा रीतीने आमच्या कंपनीत व्यक्तिकेंद्री दृष्टिकोनाचं आगमन झालं.

तो शिकवायला एक समुपदेशक बाई आल्या. कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावून आम्हाला गोलात बसवण्यात आलं. (गोलात कुणीही मागच्या रांगेत बसू शकत नाही, ही त्या पद्धतीतली पहिली अडचण.) बाईंनी आधी या विचाराचा उगम सांगितला. गेल्या शतकात, त्या म्हणाल्या, मनावरच्या उपचारांची दोन मोठी घराणी होती. एकाचं म्हणणं असं, की माणसाचं दुखणं त्याच्या बालपणाच्या तळघरात पडलेलं असतं, आणि तिथे तज्ज्ञाने कंदील घेऊन उतरायचं असतं. दुसऱ्याचं म्हणणं, की माणूस म्हणजे सवयींची मोळी. बक्षीस दाखवा, शिक्षा दाखवा, मोळी नीट बांधली जाते. पुढे तिसरं घराणं आलं, आणि त्याने एक साधी गोष्ट सांगितली. आपल्याला कुठे दुखतंय हे माणसाला स्वतःलाच सगळ्यात जास्त कळतं. रोप जसं उजेडाकडे वळतं, तसा तोही सुधारण्याकडे वळू बघतच असतो. त्याला फक्त त्रास न देणारी सोबत लागते. म्हणून या घराण्यातल्यांनी 'रुग्ण' हा शब्दच काढून टाकला. उपदेश थांबवला. खुर्ची जरा पुढे ओढली आणि ऐकायला बसले.

"एवढंच?" आमचा मेकॅनिक म्हणाला.

"एवढंच," बाई म्हणाल्या. "करून बघा."

त्यासाठी तीन गोष्टी लागतात, असं त्यांनी सांगितलं. समोरच्याच्या जागी जाऊन त्याचं जग बघणं. तो जसा आहे तसा त्याला विनाअट स्वीकारणं. आणि स्वतः खरं असणं, म्हणजे आत एक आणि बाहेर एक असं न वागणं. "आणि ही युक्ती नाही हं," त्यांनी बजावलं. "समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत त्याला परत देतो, ते आपल्याला नीट कळलंय का हे बघायला. मनात नसेल तर तोंडावर आणू नका."

खेकसराव हाताची घडी घालून बसला होता. "हे सगळं फालतू आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला हे निरर्थक वाटतंय," बाई शांतपणे म्हणाल्या.

"हो. वाटतंय."

"आणि तरी तुम्ही उठून गेला नाहीत."

खेकसरावने हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत कुणी थांबत नाही हो. घरीसुद्धा." आणि त्याने चष्मा काढून पुसला. (चष्मा स्वच्छच होता.)

प्रशिक्षण संपलं. साहेबांनी त्याचं सार एका परिपत्रकात उतरवलं. त्यात समानुभूती आली, विनाअट स्वीकार आला. 'मनात नसेल तर तोंडावर आणू नका' हे वाक्य जागेअभावी गाळलं गेलं. उलट एक कलम नव्याने आलं. ग्राहक स्वतःच्या निर्णयापर्यंत स्वतः पोहोचेपर्यंत त्याच्यावर मेकॅनिक लादू नये.

परिणाम थक्क करणारे होते. खेकसरावचा आवाज मऊ झाला, इतका की पहिले काही दिवस लोक 'चुकीचा नंबर' म्हणून फोन ठेवून देत. नंतर सवय झाली.

"तुमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबतच नाही हो," एक गृहस्थ म्हणाले.

"म्हणजे तिसऱ्या मजल्यावर आपल्याला डावललं जातंय, असं तुम्हाला वाटतं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग घोगरा आवाज. "माझ्या थोरल्या भावाने मला जन्मभर डावललं."

फोन संपला तेव्हा ते गृहस्थ हलके झाले होते आणि जिन्याने वर गेले. तक्रारींचं प्रमाण झपाट्याने घसरलं. लिफ्ट बंद पडण्याचं प्रमाण त्याच वेगाने वाढलं, पण ते मोजण्याची पद्धत आमच्याकडे नाही, त्यामुळे साहेबांनी ते वाढलं असं मानलं नाही. लवकरच अशाही लोकांचे फोन येऊ लागले, ज्यांच्या इमारतीला मुळात लिफ्टच नव्हती. 'माझी लिफ्ट अडकली आहे' असं ते सुरुवातीला शिष्टाचार म्हणून सांगत आणि लगेच मूळ विषयाकडे, म्हणजे जावयाकडे, वळत.

फक्त एका ठिकाणी पद्धत चालेना. ते ठिकाण म्हणजे खेकसरावचं घर.

"गॅस संपलाय," बायको म्हणाली.

"तुला रिकामं रिकामं वाटतंय," खेकसराव म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "खेकसायचास तेव्हा निदान माझ्यावर खेकसायचास," ती म्हणाली. "मी लग्न माणसाशी केलं होतं, आरशाशी नाही." त्यानंतर तिने बोलणं बंद केलं. खेकसरावने तिच्या न बोलण्याचा विनाअट स्वीकार केला, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई लिफ्टमध्ये अडकल्या.

त्या बाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर त्यांचा मुलगा आणि सून राहत. मधले तीन मजले दोन्ही बाजूंनी कुणी ओलांडताना दिसत नसे. कारण भांडण म्हणावं असंही नव्हतं. बाईंना प्रत्येक गोष्ट नीट करून दाखवायची सवय होती. मुलाची नोकरी, सुनेचे पडदे, दोघांचा दिनक्रम, सगळ्यावर त्यांचा शेरा असे. एकदा मुलगा म्हणाला, "आई, जरा ऐक." बाई म्हणाल्या, "आधी तू ऐक." दोघांनीही 'ऐक' म्हटलं आणि ऐकायला कुणी उरलं नाही.

तर लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये थांबली. दिवा गेला. बाईंनी आपत्कालीन बटण दाबलं. ते दाबलं की लिफ्टमधला फोन थेट आमच्याकडे लागतो. त्याचा आवाज फार मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे आत चाललेलं बोलणं बाहेर जिन्यातही ऐकू येतं. आमच्याकडेही प्रशिक्षणासाठी फोन स्पीकरवर ठेवण्याची पद्धत होती. म्हणून मी पुढचं सगळं स्वतः ऐकलं. जे दिसायचं होतं ते मेकॅनिकने नंतर सांगितलं.

"हॅलो," बाई म्हणाल्या. "लिफ्ट अडकली आहे. मी आत आहे. माणूस पाठवा." (घाबरलेल्या ग्राहकाकडून कर्ता आणि क्रियापद जागच्या जागी असलेली वाक्यं आम्ही प्रथमच ऐकली.)

"तुम्हाला अडकल्यासारखं वाटतंय," खेकसराव मायेने म्हणाला.

"'सारखं' नाही. अडकले आहे."

"म्हणजे बाहेर पडायला वाट नाही, अशी तुमची भावना आहे."

"भावना नाही ती, वस्तुस्थिती आहे! तुम्ही कोणत्या शाळेत होतात?"

नियमाप्रमाणे मेकॅनिक लादायचा नव्हता. पण तो योगायोगाने शेजारच्याच इमारतीत होता, म्हणून खेकसरावने त्याला नुसतं जवळ जाऊन उभं राहायला सांगितलं. मेकॅनिक सहाव्या मजल्यावर गेला, लिफ्टच्या दारापाशी गुडघे टेकून बसला आणि फटीतून म्हणाला, "बाई, मी तुमच्यासोबत आहे."

"सोबत कुठे? तू बाहेर आहेस!"

"मी बाहेर असलो तरी तुमच्या आतलं समजून घ्यायचा प्रयत्न करतोय."

"आतलं काय समजायचंय त्यात? अंधार आहे. दार उघड."

"दार उघडावं, असं तुम्हाला वाटतं."

"आणि तुला काय वाटतं?"

"माझं वाटणं इथे गौण आहे," मेकॅनिक नम्रपणे म्हणाला. दाराची किल्ली त्याच्या खिशात होती.

एव्हाना सहाव्या मजल्यावर गर्दी जमली होती. शेजारी आले. आईचा आवाज ओळखून, त्या दिवशी घरीच असलेला मुलगा धावत बाहेर आला, त्याच्या मागे सून. मुलगा "आई!" म्हणून हाक मारणार, तेवढ्यात मेकॅनिकने ओठांवर बोट ठेवलं. परिपत्रकात मध्ये बोलायला सक्त मनाई आहे.

"तुम्ही वर निघाला होतात," फोनमधून खेकसराव म्हणाला.

मग बाई म्हणाल्या, "रोजच निघते."

"रोज निघता."

"दुपारची. सगळे आपापल्या कामात असतात तेव्हा. सहाव्यावर उतरते. त्यांच्या दारापाशी उभी राहते. बेल वाजवायची, तर दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरलेलं हवं ना? ते ठरत नाही. सगळी वाक्यं सूचना होतात. 'पायपुसणं वाकडं आहे' हेच आधी तोंडावर येतं. मग खाली जाते." मग त्या हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाल्या, "जन्मभर पोरांना वाक्यरचना शिकवली मी."

बाहेर सुनेने नवऱ्याची बाही घट्ट धरली. पायपुसणं वाकडंच होतं.

आमच्या कक्षात मी खेकसरावकडे बघत होतो. नियमाप्रमाणे त्याने म्हणायला हवं होतं, 'तुम्हाला शब्द सापडत नाहीयेत.' पण तो प्रशिक्षणाआधीच्या आपल्या खऱ्या, खरखरीत आवाजात म्हणाला, "बाई, एक सांगू? यापुढे काय म्हणायचं ते मला शिकवलेलं नाहीये."

"मग सुचेल ते म्हण."

"मला माझ्या बायकोचं सुचतंय."

"का? काय झालं तिला?"

"बोलत नाही ती माझ्याशी. अख्ख्या गावाचं ऐकतोस म्हणाली, आणि माझ्याशी आरशासारखं बोलतोस." तो थांबला. बाई थांबल्या. जिन्यातले सगळे थांबले. "तिचं खरंच आहे. फोनवरच्या माणसाचं ऐकायला काय लागतं हो? ठेवला की संपलं. तिचं खरंखुरं ऐकलं ना, तर मग मला काहीतरी करावं लागेल. बदलावं लागेल. त्याची भीती वाटते मला."

आमच्या विभागाच्या इतिहासात कर्मचाऱ्याने ग्राहकाकडे तक्रार नोंदवण्याची ही पहिलीच वेळ. मी ती नियमबाह्य म्हणून थांबवायला हवी होती. पण मलाही पुढचं ऐकायचं होतं.

तिकडे मेकॅनिकचे डोळे भरून आले, आणि डोळे भरल्यावर त्याला परिपत्रक दिसेनासं झालं. त्याने खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं. लिफ्ट कमरेइतकी खाली होती. बाई अंधारात फोनच्या जाळीला कान लावून उभ्या होत्या. मुलाने वाकून दोन्ही हात पुढे केले. "आई, ये."

बाईंनी वर्गात करत तसा तळहात वर केला. "थांब. तो बोलतोय."

मुलगा हात पुढे केलेल्या अवस्थेतच राहिला. सून फरशीवर मांडी घालून बसली. शेजाऱ्यांपैकी एकजण जिन्याच्या पायरीवर टेकला. "बोल तू," बाई फोनला म्हणाल्या, आणि खेकसराव बोलला. बाईंनी मध्ये त्याचं एकही वाक्य सुधारलं नाही. मुलाने मेकॅनिकला नंतर सांगितलं, की आईला असं गप्प उभं राहिलेलं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याला जरा भीतीच वाटली.

खेकसरावचं संपल्यावर बाईंनी जे केलं, ते व्यक्तिकेंद्री पद्धतीत संपूर्ण निषिद्ध आहे. त्यांनी सल्ला दिला.

"आत्ता घरी जा. तिला विचार, काय हवंय. आणि ती जे सांगेल ना, ते वाक्य तिला परत देऊ नकोस. ठेवून घे."

मग त्यांनी मुलाचा हात धरला आणि वर आल्या. सुनेसमोर उभ्या राहिल्या. पायपुसण्याकडे त्यांची नजर गेली, हे सगळ्यांनी बघितलं. ओठ हलले. "मला अजून वाक्य सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग आत येऊन शोधा," सून म्हणाली. "इथे उकडतंय."

खेकसराव त्या दिवशी हजेरीची पर्वा न करता भर दुपारी घरी गेला. बायकोने सांगायला सुरुवात केली ती दिवेलागणीपर्यंत. पुढे काय झालं ते तो पूर्ण सांगत नाही, पण शेजाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे आता त्या घरात दोन्ही बाजूंनी खणखणीत भांडण होतं, गळका नळ बदललेला आहे, आणि बायको सकाळी पोहायला जाते तेव्हा डबा तो भरतो. समुपदेशक बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान चाललंय त्यांचं."

इथे एखादी लहानसहान कंपनी समाधान मानून थांबली असती. आमच्या साहेबांनी मात्र घटनेचं सखोल विश्लेषण केलं. मायलेक बोलू लागले, नवराबायको बोलू लागली, याचं श्रेय कुणाला? ऐकण्याला? साहेबांच्या मते ते सिद्ध करता येत नव्हतं. सिद्ध होत होती ती एकच गोष्ट, की लिफ्ट बंद पडली होती. त्यातून कंपनीची नवी सेवा जन्माला आली. तिचं नाव 'नियोजित अडकवणूक'. ज्यांचं आपसांत बोलणं बंद आहे अशा कोणत्याही दोन व्यक्तींनी लिफ्टमध्ये शिरावं, आमचा मेकॅनिक ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून देईल.

समुपदेशक बाई स्वतः येऊन साहेबांना भेटल्या. "अहो, ऐकण्यासाठी माणसाला कोंडावं लागत नाही," त्या कळवळून म्हणाल्या.

"ऐकण्यासाठी कोंडावं लागत नाही, असं तुम्हाला वाटतं," साहेब म्हणाले, आणि सेवा चालू राहिली.

मागणी अफाट आहे. सासूसुना येतात, वाटणीवरून फिस्कटलेले भाऊ येतात, भागीदार येतात. मुलीने वडिलांचा व्यवसाय सोडून तबला शिकायचं ठरवलं, ते दोघं आले. एका जोडप्याने वेगवेगळ्या लिफ्ट मागितल्या, त्यांना नकार द्यावा लागला. एका सोसायटीने फक्त अध्यक्षांना आत अडकवून फोन काढून घेण्याची विनंती केली आहे, ती विचाराधीन आहे.

यश मात्र जेमतेम आहे, आणि त्याचं कारण मेकॅनिकला पहिल्याच आठवड्यात कळलं. लिफ्ट थांबवण्याआधी तो दोघांना विचारतो, "तुमच्यापैकी ऐकून कोण घेणार?" आणि दोघंही, तत्परतेने, एकमेकांकडे बोट दाखवतात. याला आजवर अपवाद नाही. माणसाला व्यक्तिकेंद्री पद्धत मनापासून मान्य आहे. केंद्रात कोण, एवढाच वाद आहे.

सेवेची माहिती सर्वदूर पोहोचावी म्हणून साहेबांनी ही हकीकत मला लिहायला सांगितली. तिच्या प्रती कार्यालयात विनामूल्य ठेवल्या आहेत. लोक येतात, उभ्याउभ्याच वाचतात, हसतात, आणि मग जरा विचारात पडून म्हणतात, "हे आमच्याकडच्या एकांनी वाचायलाच हवं." आणि प्रत घेऊन जातात. स्वतःसाठी कुणी नेलेली नाही. तुमच्याही डोक्यात एव्हाना कुणाचं तरी नाव येऊन गेलंच असेल. त्यांच्यासाठी वेगळी प्रत घ्यायची तसदी घेऊ नका. ते कालच येऊन तुमच्यासाठी घेऊन गेले.